तितूरचे पाणी आणि विम्याचा कागद



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने पूर आणि विमा या विषयावर कशाला बोलावे, असे कुणाला वाटेल. पण ‘नुकसान नेमके कशामुळे झाले?’ आणि ‘ते कुणी सोसायचे?’ हे दोन्ही प्रश्न तत्त्वज्ञानाचेच आहेत. चाळीसगावात ते 31 ऑगस्ट 2021 रोजी थेट दारात आले. आदल्या रात्री कन्नड घाटाच्या परिसरात प्रचंड पाऊस झाला. घाटात दरडी कोसळल्या. तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या फुगल्या आणि पाणी वस्तीत, बाजारपेठेत शिरले. तालुक्यात शेकडो जनावरे दगावली. मग पंचनामे सुरू झाले.

आता थोडे मागे जाऊ. खानदेशाला पूर नवा नाही. 1822 साली तापीच्या पुराने 65 गावे उद्ध्वस्त केली आणि आणखी 50 गावांचा काही भाग वाहून नेला. 1872 च्या सप्टेंबरात गिरणा आणि पांझरा चढल्या. एकट्या धुळे शहरातली 500 घरे गेली, हजारावर माणसे उघड्यावर आली. एकूण 152 गावांना फटका बसला आणि 16 लाख रुपयांची मालमत्ता बुडाली, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये आहे. त्या काळचे 16 लाख, बरं का! मालमत्ता बुडाली याचा हिशोब सरकारने ठेवला. पण हिशोब ठेवणे वेगळे आणि भरपाईचा हक्क असणे वेगळे. तो हक्क तेव्हा सामान्य घरमालकाकडे नव्हता.

मग आपली माणसे काय करत होती? दोन गोष्टी करत होती. पहिली म्हणजे काळजी. धाब्याच्या घरांवर पावसाळ्याआधी खारी माती टाकायची, धाबे चोपून घ्यायचे, पन्हळ मोकळी करायची, हे दरवर्षीचे काम. ते चुकले की आषाढात घर गळणारच. दुसरी गोष्ट म्हणजे वाटून घेणे. पांझरेच्या काठची फड पद्धत बघा. बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा, म्हणून दुरुस्तीही सगळ्यांची. पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी असे. व्यापारी लोकांकडे जोखमी हुंडी होती. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यायचे, वाटेत बुडाला तर धोका हुंडी घेणाऱ्याचा. म्हणजे हुंडीच्या पोटातच विमा होता.

याच तालुक्यातल्या पाटण्याचा शिलालेख तुम्हांला ठाऊक आहे. शके 1128 चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ काढला, त्याचा तो लेख. बाजारात होणाऱ्या खरेदी-विक्रीतला काही हिस्सा मठाला द्यावा, अशी तरतूद त्यात जुन्या मराठीत कोरली आहे. तो विमा नव्हे. पण अनेकांनी थोडेथोडे द्यायचे आणि त्यातून एकट्याला न पेलणारे काम उभे करायचे, ही रीत इथल्या बाजाराला आठशे वर्षांपूर्वी माहीत होती, एवढे त्यातून दिसते.

आजचा मालमत्तेचा विमा मात्र दुसरीकडून आला. 1666 साली लंडन जळाले, त्यानंतर तिथे आगीच्या विम्याच्या कंपन्या निघाल्या. आग कुठल्याही घराला लागू शकते, पण एका वेळी सहसा थोड्याच घरांना लागते. पुराचे तसे नाही. नदीकाठचे सगळे एकदमच बुडतात, आणि उंचावरचा माणूस पुराचा विमा घ्यायला येतच नाही. म्हणून कंपन्या पुराला बिचकत. अमेरिकेत यासाठी शेवटी 1968 मध्ये सरकारी योजना काढावी लागली. आपल्याकडे 1919 मध्ये दोराबजी टाटांनी न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स स्थापन केली, 1973 पासून सर्वसाधारण विमा सरकारी झाला. पॉलिसी मुळात आगीचीच राहिली आणि पूर तिला मागाहून जोडला गेला. हप्ता कमी व्हावा म्हणून वादळ आणि पूर वगळण्याची सोयही पुढे होती. ज्यांनी ती घेतली, त्यांच्या हातात पुराच्या दिवशी फक्त आगीचा कागद उरला.

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने घरासाठी ‘भारत गृहरक्षा’ आणि छोट्या धंद्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसी आणल्या. चाळीसगावचा पूर त्यानंतर पाचच महिन्यांनी आला. गृहरक्षेत पूर आहे, दरड आहे, टाकी किंवा पाइप फुटून झालेले नुकसानही आहे. पुरानंतर सात दिवसांत, त्या पुरामुळेच चोरी झाली तर तीही आहे. मात्र वर्षानुवर्षे झिरपणारी गच्ची त्यात नाही.

इथे आमचा कारणाचा प्रश्न येतो. विम्याच्या कायद्यात ‘निकटचे कारण’ शोधतात. निकटचे म्हणजे वेळेने शेवटचे नव्हे, तर परिणाम घडवणारे मुख्य कारण. पाणी ओसरल्यावर तीन दिवसांनी भिंत पडली, पण पाया पुराने भिजला म्हणून पडली, तर कारण पूरच. उलट चार पावसाळे गळणारा स्लॅब पुराच्या आठवड्यात ढासळला, तर कंपनी विचारणारच की पूर आला नसता तर तो टिकला असता का? म्हणून मृगाआधी गच्ची, पन्हळी, गटारे साफ करून त्यांचे तारखेसह फोटो ठेवावेत. खारी माती टाकण्याचेच हे आजचे रूप. त्याने घर वाचते आणि दावाही वाचतो.

दुसरी गल्लत पंचनाम्याची. तलाठ्याचा पंचनामा शासकीय मदतीसाठी असतो. ती मदत आहे, भरपाई नव्हे, आणि तिचे दर शासन ठरवते. विम्याचा पाया करार आहे. तिथे कंपनीने नेमलेला परवानाधारक सर्व्हेअर नुकसान मोजतो. पंचनाम्याची प्रत पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण पंचनामा झाला म्हणजे दावा दाखल झाला, असे होत नाही. कंपनीला स्वतंत्रपणे आणि लगेच कळवावे लागते. दुकान कर्जाचे असेल तर बँकेलाही सांगावे, कारण पॉलिसीवर बहुधा बँकेचे नाव असते.

तिसरी गोष्ट गणिताची. दुकानात माल 20 लाखांचा, विमा 10 लाखांचा, नुकसान 6 लाखांचे. अनेकांना वाटते 6 मिळतील. मिळतात 3, कारण निम्म्या मालाचा धोका तुम्ही स्वतःकडेच ठेवला होता. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढे हेच सूत्र. घराच्या बाबतीत गृहरक्षेत ही कपात नाही. पण रक्कम ठरवताना जागेची किंमत धरू नये, बांधकामाचा खर्च धरावा. जमीन वाहून जात नाही, भिंती जातात.

पाणी शिरले तर आधी वीज बंद करा. भिंतीवरची पाण्याची खूण पुसण्याआधी तिचा फोटो घ्या. कोरडा माल बाजूला काढा, कारण नुकसान वाढू न देणे ही तुमचीच जबाबदारी आहे. भिजलेला माल मात्र सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय फेकू नका. खरेदीची बिले आणि स्टॉकची नोंद यांची एक प्रत दुकानाबाहेर ठेवा. वही मालासोबतच बुडाली तर माल होता हे सिद्ध कशाने करणार?

दावा नाकारला किंवा कापला, तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. 1998 पासून ही व्यवस्था आहे. फी नाही, वकील लागत नाही. 2023 पासून 50 लाखांपर्यंतची भरपाई तिथे मिळू शकते. मुदत मात्र एक वर्षाची आहे, ती घालवू नका.

आपल्याकडे ‘योगक्षेम’ हा जुना शब्द आहे. नसलेले मिळवणे हा योग, मिळवलेले राखणे हे क्षेम. योगासाठी आपण रात्रंदिवस राबतो आणि क्षेम नशिबावर सोडतो. 1872 च्या धुळेकराला दुसरा मार्ग नव्हता. आज मार्ग आहे, त्यामुळे कागद न वाचण्याला नशीब म्हणता येणार नाही. तेव्हा घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि तीन गोष्टी बघा. पूर समाविष्ट आहे का, रक्कम आजच्या किमतीला पुरेशी आहे का, आणि मुदत कधी संपते. पॉलिसीच नसेल, तर पुढचा पावसाळा येण्याआधी घरात त्याची चर्चा तरी करा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.