मुक्तीचा शोध : पंडिता रमाबाई आणि वाँटेजची पत्रे

इ. स. १८८३ च्या सप्टेंबर महिन्याच्या २९ तारखेस इंग्लंडातील वाँटेज या गावी पंडिता रमाबाईंनी आपली अडीच वर्षांची कन्या मनोरमा हिच्यासह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ती वार्ता पुण्यास येऊन पोचल्यावर जो गदारोळ झाला, त्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत बाईंचा जो झगडा खुद्द आपल्या नव्या धर्मबांधवांशी झाला, त्याकडे मात्र त्या मानाने थोडे लक्ष गेले. परधर्म स्वीकारणे म्हणजे परक्यांची आज्ञा स्वीकारणे, असा पुण्यातील टीकाकारांचा समज होता. गमतीचा भाग असा, की वाँटेजच्या भगिनींचाही समज याहून फारसा निराळा नव्हता.

रमाबाईंना मुक्ती हा शब्द नवा नव्हता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि सह्याद्रीतील गंगामूळ येथे जन्मलेल्या या कन्येने आईच्याच मुखातून विद्या घेतली. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे वाचीत हिंडले. दुष्काळात अन्नान्नदशा होऊन इ. स. १८७४ मध्ये आईवडील दोघेही गेले. भाऊ श्रीनिवास याच्यासह पायी देश पालथा घालीत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या. तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेथेच धर्मशास्त्राचे ग्रंथ त्यांनी बारकाईने वाचले. इतर बाबतींत परस्परांशी न जुळणारे हे ग्रंथ एका गोष्टीवर एकमत आहेत असे त्यांना दिसले : स्त्रीला स्त्री म्हणून मोक्षाचा अधिकार नाही. ज्या बाईने आयुष्याची पहिली वीस वर्षे मोक्षाच्या मार्गावर अनवाणी चालण्यात घालविली, तिला हा शोध केवळ बौद्धिक वाटला नसणार.

भाऊ गेला. बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी जातिबंधन मोडून केलेला विवाहही दोन वर्षांच्या आतच त्यांच्या मृत्यूने संपला. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापून बाई पुढल्याच वर्षी वैद्यकीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आत्महत्या केली. अशा मनःस्थितीत त्यांनी लंडनजवळील फुलहॅम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी पाहिल्या. ‘पतित’ स्त्रीला प्रायश्चित्त नव्हे, तर आश्रय देणारा धर्म त्यांना येथे प्रथम दिसला. बौद्धिक शंकांचे समाधान निळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाने झाले. ते काशीचे चित्पावन शास्त्री, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले. एका शास्त्र्याच्या मुलीचा बाप्तिस्मा दुसऱ्या शास्त्र्याच्या युक्तिवादाने व्हावा, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

यानंतर संघर्षास प्रारंभ झाला. बाईंच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे होती. नव्या शिष्येने चर्चचे सर्व सिद्धान्त निमूटपणे मान्य करावेत, अशी त्यांची अपेक्षा. रमाबाई मात्र त्रैक्याविषयी प्रश्न विचारीत, आणि बायबलात जे सापडत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मानावयास नकार देत. त्या शाकाहारीच राहिल्या. अंडे घातलेले पक्वान्नही त्यांना चालेना, आणि यात भगिनींना जातीचा अभिमान दिसे. क्रुसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, असा त्यांनी आग्रह धरला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत असता त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे की नाही, हा प्रश्न उभा राहिला, आणि हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. हिंदू स्त्रियांपुढे वाईट उदाहरण होईल, हे कारण! जिने कलकत्त्यात पंडितांच्या सभेत व्याख्याने दिली, तिला हे ऐकावे लागले. बाईंनी उत्तर दिले, त्याचा आशय असा, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड आपण मानेवर घेणार नाही. तेथील प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांचे मन बरेच समजून घेतले. जेराल्डिनबाईंना हा सारा अहंकार वाटला.

बाईंना ख्रिस्त हवा होता, त्याच्या नावाने चालणारी हुकमत नको होती, असा या पत्रांचा अर्थ आहे. मात्र हेच स्वातंत्र्य दुसऱ्याला देताना त्यांची कसोटी लागली, हेही नमूद केले पाहिजे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले आणि पुढे पुण्यास आलेले शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. बाई प्रार्थनेला बसत, खोलीचे दार उघडे असे, मुली येऊन बसत. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांच्यासारख्या स्नेह्यांनी सल्लागार मंडळ सोडले. ‘केसरी’ची भाषा जहाल होती खरी, तथापि पालकांची शंका अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिली आणि त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाली, हीही त्याच सदनाची गोष्ट आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो मुली केडगावी आणल्या. स्वतःच्या पोटातली जुनी भूक त्यांना ठाऊक होती. या वसतिस्थानाला त्यांनी ‘मुक्ती’ हे नाव दिले. पोथ्यांनी नाकारलेला तोच शब्द! तेथे विहिरी खणल्या, माग बसविले, अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली, आणि खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंत सारे काम स्त्रियांनीच चालविले. त्याच छापखान्यासाठी बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे नवे मराठी भाषांतर हाती घेतले. संस्कृतची ही सरस्वती तेथे संस्कृतप्रचुर शब्द हेतुपुरस्सर टाळीत होती. खेड्यातल्या बाईला वाचता यावे एवढाच उद्देश. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा निवर्तली. बाई मुद्रिते तपासीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

वाँटेजची पत्रे मात्र टिकली ती सिस्टर जेराल्डिन यांच्यामुळे. शिष्येच्या हट्टाचा पुरावा म्हणून असो वा तिच्यावरील मायेपोटी, त्यांनी ती जपली, क्रमाने लावली, मधूनमधून आपली तक्रारही नोंदविली. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. तेथे गुरू आणि शिष्या अजूनही समोरासमोर उभ्या आहेत, दोघींपैकी कोणीही माघार घेतलेली नाही.