‘किंग स्मॅश’ची कुळकथा

इंडोनेशियातलं कुडूस हे लवंगी सिगारेटींचं गाव. तिथल्या जारूम कंपनीच्या ज्या शेडमध्ये दिवसभर कामगार सिगारेटी वळत, तिथेच काम सुटल्यावर नेट बांधून बॅडमिंटन चाले. लिम स्वी किंग इथलाच. कोर्टाच्या मागच्या भागातून उंच झेपावून हवेतच शटल खाली ठोकायची त्याची रीत इतकी गाजली की तिला ‘किंग स्मॅश’ हेच नाव पडलं. १९७८, १९७९ आणि १९८१ साली त्याने ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. मधल्या १९८० च्या अंतिम सामन्यात मात्र प्रकाश पदुकोणने त्याला १५-३, १५-१० असं हरवलं. उडी घेऊन मारता येईल असं उंच शटल प्रकाशने त्याला फारसं दिलंच नाही.

ही उडी ताकदीसाठी, असा सर्वसाधारण समज. तिचा खरा फायदा अचूकतेत आहे.

नेटची उंची खांबापाशी १.५५ मीटर, आणि पलीकडचं अर्धं कोर्ट ६.७ मीटर. नेटपासून साडेचार मीटरवर उभ्याने, २.७ मीटर उंचीवर शटल मारलं आणि ते सरळ रेषेत गेलं असं धरलं, तर नेटला घासूनसुद्धा ते पलीकडे सहा मीटरवर पडतं. म्हणजे मागच्या रेषेपर्यंत चुकायला जागा पाऊण मीटरही नाही. तेच उडी घेऊन ३.२ मीटरवर गाठलं, तर नेटलगतचं शटल सव्वाचार मीटरवरच उतरतं आणि चुकायला जवळजवळ अडीच मीटर मिळतात.

आता दहा वर्षांच्या मुलीचा विचार करा. रॅकेटसकट तिचा हात पोचतो सव्वादोन मीटरच्या आसपास. त्याच जागेवरून तिचा सरळ, जोरकस स्मॅश दहा मीटरवर जाईल, म्हणजे थेट बाहेर. चूक तिची नाही, जागेची आहे. नेटपासून अडीच मीटरवर उभी केली, तर तोच फटका साडेपाच मीटरवर, कोर्टात पडतो.

भारताच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीचा ताशी ५६५ किलोमीटरच्या स्मॅशचा विक्रम मुलांना तोंडपाठ असतो, आणि वेगाची ओढ लागणं साहजिकच आहे. तरीही प्रशिक्षकांनी लहान मुलांना आधी पुढे घ्यावं. नेटपलीकडे बाजूच्या रेषेलगत लक्ष्य म्हणून शटलचे रिकामे डबे उभे करावेत, हाताने एकेक शटल उंच द्यावं, शटल डोक्याच्या थोडं पुढे गाठायला लावावं. डबे सातत्याने पडू लागले की एकेक पाऊल मागे न्यावं. उडी त्यानंतर शिकवावी.