कालव्याकाठची मेटे

गड चढताना वाटेत जुन्या मेटाची जागा लागते. इंग्लंडात कालव्याच्या काठाने चालताना तशीच एक वस्तू आडवी येते. काँक्रीटची, बसकी, बहुधा सहा बाजूंची. खिडकी एकही नाही. जंग्या मात्र आहेत. इंग्रज तिला पिलबॉक्स म्हणतात, म्हणजे गोळ्यांची डबी! गोळ्या औषधाच्या बरे, बंदुकीच्या नव्हेत. हे नाव पहिल्या महायुद्धात पडले.

या डब्यांचा खरा हंगाम म्हणजे १९४० चा उन्हाळा. डंकर्कहून तीन लाखांवर सैनिक सुटून आले. पण त्यांच्या तोफा, रणगाडे, मोटारी फ्रान्समध्येच राहिल्या. जर्मन आज उतरतात की उद्या, अशी धास्ती. माणसे होती, हत्यारे नव्हती. मग रणगाडा अडवायचा कशाने? गृहसेनेचे सरसेनापती जनरल आयर्नसाइड यांनी देशात आयते होते तेच कामाला लावले: नद्या, कालवे, रेल्वेचे भराव. उभ्या काठाचा कालवा म्हणजे तयार खंदकच की! गंमत अशी की, ज्या आगगाडीने या कालव्यांचा धंदा बुडवला, तिच्याच शेजारी ते आता पहाऱ्याला उभे राहिले.

नैर्ऋत्येकडची टॉन्टनची फळी याच मासल्याची. दक्षिणेच्या समुद्रकाठी सीटनपाशी निघून ॲक्स नदी, लोहमार्ग, टॉन्टन-ब्रिजवॉटरचा कालवा आणि पॅरेट नदी यांच्या आधाराने ती सुमारे ५० मैल उत्तरेला जाते. पुलांवर सुरुंगांची तयारी आणि पुलांवर नजर ठेवणाऱ्या या डब्या. बांधणारे गावोगावचे गवंडी व ठेकेदार. साच्यासाठी लाकूड मिळेना, तर विटांच्या भिंती रचून त्यांतच काँक्रीट ओतले. कुठे डबीला गवताच्या गंजीचे सोंग दिले, कुठे झोपडीचे. आमच्या शाळेच्या संमेलनातले नेपथ्यकार तिथे शोभले असते.

जुलैत आयर्नसाइड जाऊन ॲलन ब्रुक आले. अशी लांब, बारीक फळी फुटायला वेळ लागत नाही, फिरती फौज हवी, हे त्यांचे मत. आणि ते खरे होते. तोवर व पुढेही मिळून सुमारे २८,००० पिलबॉक्स व तत्सम ठाणी उभी राहिली. शत्रू उतरलाच नाही.

मग हा सारा खटाटोप फुकट गेला म्हणायचा काय? मला तसे म्हणवत नाही. पाण्याकाठी दबा धरून बसलेली बंदूक काय करते, हे आपल्या माणसांनी इटलीत पाहिले आहे. सेनिओ नदीच्या उंच बांधांत जर्मनांनी मशीनगनची ठाणी खोदली होती. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीची तुकडी पाण्यात उतरली आणि तीन ठाण्यांच्या माऱ्यात सापडली. अधिकारी व दोन सैनिक जखमी झाले, बाकीचे पडले. उरला निरोप्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजचा शिपाई नामदेव जाधव. त्याने एका जखमीला खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बांधापलीकडे नेले. परत येऊन दुसऱ्यालाही. तिसऱ्या खेपेस एक ठाणे टॉमीगनने गप्प केले. हाताला गोळी लागली, तेव्हा बंदूक टाकून हातबाँबनी उरलेली दोन. मग तोफगोळे पडत असता बांधाच्या माथ्यावर उभा राहून, मराठ्यांची रणगर्जना करीत, त्याने मागच्यांना हाताने खुणावून नदीपार बोलावले.

वय होते २३ वर्षांचे.