लाईट गेली की लाईनमन लगेच खांबावर का चढत नाही? 'परमिट'चं काम समजून घ्या

पहिल्या वादळी पावसात लाईट गेली की गावातून पहिला फोन लाईनमनला जातो. कुणी त्याला वायरमन म्हणतं. महावितरण त्याला 'जनमित्र' म्हणते. जुन्या वीज मंडळाचं विभाजन होऊन ६ जून २००५ पासून गावोगावी वीज पोचवण्याचं काम या कंपनीकडे आलं.

नोकरीत कसे येतात?
आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेली पोरं आधी विद्युत सहाय्यक म्हणून ठरावीक मानधनावर लागतात. पुढे तंत्रज्ञ होतात. लाईनवर बाह्यस्रोत, म्हणजे एजन्सीमार्फत घेतलेले कामगारही असतात.

परमिट म्हणजे काय?
सबस्टेशनमधून ११ हजार व्होल्टचा फीडर निघतो, डीपीवर तो उतरतो आणि घरात २३० व्होल्ट येतात. फीडरवर काम करायचं तर आधी ऑपरेटरकडून परमिट घ्यावं लागतं. ऑपरेटर फीडर बंद करतो, वेळ आणि नाव वहीत लिहितो. जागेवर लाईनमन एबी स्विच उघडतो, लाईन मेलेली आहे का तपासतो, डिस्चार्ज रॉड लावून अर्थिंग करतो. मगच हातमोजे, हेल्मेट, पट्टा घालून वर चढतो. काम झालं की सगळे खाली उतरले का, रॉड काढले का, हे बघूनच परमिट परत होतं. ज्याने घेतलं, त्यानेच ते परत करायचं. यातली एक पायरी चुकली तरी जीव जाऊ शकतो.

धोका गावातूनही येतो
लाईट गेल्यावर कुणी चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर चालू केला, तर करंट उलटा डीपीत जातो आणि तिथून ११ हजारचा होऊन बंद लाईनवर चढतो. वर लाईनमन असतो. दुसऱ्या डीपीवरून आकडा टाकला तरी हाच धोका.

गावकऱ्यांनी काय करावं?
- जनरेटरला चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.
- डीपीचा फ्यूज स्वतः टाकू नका.
- तार तुटून पडली तर लांब राहा, जनावरंही लांब ठेवा आणि १९१२ वर कळवा.
- काम चालू असताना 'लवकर चालू करा' म्हणून घाई लावू नका.

अर्धा तास लाईट उशिरा आली तर मोटार अर्धा तास उशिरा चालू होईल. पण वर चढलेला माणूस धड खाली उतरला पाहिजे.