केसांचा आकडा

अंबाडा, खोपा, बुचडा अथवा गुंडाळलेली वेणी जागच्या जागी स्थिर राखण्याकरिता केसांत खोवण्यात येणारा, तार दुपदरी वाकवून केलेला जिन्नस. ज्याचे दोन पाय मोकळे असतात तो आकडा आणि ज्याचे पाय एकमेकांस भिडून केस चिमटीत धरतात तो चाप. पैकी चापाचा प्रसार पाश्चात्त्य देशांत १९२० नंतरच्या दशकात, स्त्रियांनी केस आखूड कापण्याच्या रिवाजाबरोबर झाला. आपल्याकडे अंबाड्याचे मुख्य साधन आकडाच राहिले.

केस हा केराटीन नामक प्रथिनाचा, मिलिमीटरच्या दशांशाहूनही बारीक असा तंतू असून त्यावरील शल्कांचे आवरण मुळाकडून टोकाकडे पसरलेले असते. आकड्याच्या टोकावरील मणी गळाला वा तारेचा रंग उडून ती खरबरीत झाली, म्हणजे हे आवरण खरवडले जाते आणि केस त्याच ठिकाणी तुटतो. ओला केस अधिक ताणला जातो व लवकर तुटतो. म्हणून न्हाल्यावर केस पुरते वाळल्याखेरीज आकडा लावू नये. याहून गंभीर अपाय सततच्या ओढीचा होय. ग्रीनलंडमधील स्त्रियांत घट्ट बांधणीमुळे पडणाऱ्या टकलाचे वर्णन १९०७ साली वैद्यकात नमूद झाले. ही ओढ वेळीच थांबवल्यास केस पुन्हा येतात. परंतु ती वर्षानुवर्षे चालू राहिल्यास केसांची मुळे कायमची नष्ट होतात.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा आणि त्याच्या सभोवारचा अवर्षणग्रस्त मुलूख यांच्या संदर्भात या विषयाला जे महत्त्व येते, ते शृंगाराचे नसून श्रमाचे आहे. या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास सहकुटुंब ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रिया उसाच्या मोळ्या चुंबळीवर घेऊन गाडीपर्यंत वाहतात, आणि मोळीचा भार चुंबळीखालच्या आकड्यावर आला तर त्याची तार थेट टाळूत रुतते. अशा स्त्रीने अंबाडा मानेलगत, चुंबळीच्या पुष्कळ खाली घालावा व टाळूच्या माथ्यावर एकही आकडा ठेवू नये. केशप्रसाधनावरील लेखनात मंगलकार्याच्या खोप्याला पानेच्या पाने मिळतात, परंतु ओझे वाहणाऱ्या डोक्याचा उल्लेखही नसतो. ही उणीव प्रस्तुत नोंदीस मोठी वाटते.

आकडा खोवण्याची रीत अशी, की अंबाड्याच्या कडेचे थोडे केस आकड्याच्या पायांत घेऊन टोके प्रथम बाहेरच्या दिशेला वळवावीत, डोक्याच्या त्वचेलगतचे थोडे केस उचलावेत, आणि मग आकडा उलटा फिरवून अंबाड्याच्या पोटात अलगद सरकवावा. उलट दिशेच्या ताणामुळे तो तेथेच अडकून राहतो. अंबाड्याचा मुख्य आधार त्याच्या पिळातच असला पाहिजे. पीळ सैल ठेवून त्याचा बंदोबस्त डझनभर आकड्यांवर सोपवणे, हेच बहुतेक नुकसानीचे कारण होय. चाप लावताना त्याचा नागमोडी पाय डोक्याकडे ठेवावा, आणि तो दातांनी न उघडता बोटांनी उघडावा. दातांनी उघडल्यास टोकावरील लेप निघतो व दातांनाही इजा होते. आकडा काढताना ज्या वाटेने खोवला त्याच वाटेने मागे ओढावा, आणि झोपण्यापूर्वी सर्व आकडे काढून ठेवावेत. रोज एकाच जागी आकडा लावणेही टाळावे. घामाने गंजलेला आकडा टाकून द्यावा. ज्यांच्या त्वचेला निकेल सोसत नाही, त्यांना साध्या मुलाम्याच्या आकड्यानेही खाज सुटते.

अपाय होतो आहे की नाही, याचा दाखला फणीत निघणाऱ्या गुंतवळातच मिळतो. हे गुंतवळ भिंतीच्या फटीत जपून ठेवावे आणि दारावर येणाऱ्या विक्रेत्यांना देऊन त्याच्या मोबदल्यात सुया, आकडे वा भांडी घ्यावीत, अशी खेड्यापाड्यांतील चाल. ते देण्यापूर्वी उजेडात एकदा न्याहाळावे. ज्या लांब केसाच्या मुळाशी पांढरी बारीक गाठ दिसते, तो बहुधा आपल्या क्रमाने गळलेला असतो. परंतु गाठ नसलेले तोकडे तुकडे वारंवार दिसू लागले, तर आकडे बदलावेत आणि काही दिवस केवळ सैल वेणी घालावी.