रिचर्ड, क्लिफ

(१४ ऑक्टोबर १९४०– ). ब्रिटिश पॉप-रॉक गायक. मूळ नाव हॅरी रॉजर वेब, जन्म लखनौचा. ब्रिटनमध्ये खपलेल्या सिंगल तबकड्यांचा हिशेब मांडला, की बीटल्स आणि एल्व्हिस प्रेस्ली यांच्या पाठोपाठ त्याचे नाव येते. त्या एका देशात त्याच्या सिंगल्सच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. १९५९ ते १९९९ या काळात त्याच्या १४ सिंगल्स तेथील विक्रीतालिकेत पहिल्या क्रमांकावर गेल्या आणि या पाचांपैकी एकही दशक पहिल्या क्रमांकावाचून कोरडे गेले नाही. जगभरच्या खपाचा पंचवीस कोटींचा आकडाही त्याच्याबाबत सर्रास सांगितला जातो. मात्र असे जागतिक आकडे बहुधा प्रसिद्धीखात्यातून बाहेर पडतात, त्यामुळे ब्रिटिश तालिकेइतका भरवसा त्यांवर ठेवता येत नाही.

वडील आगगाड्यांना खानपान पुरवणाऱ्या ठेकेदार कंपनीत नोकरीला होते आणि बिऱ्हाड हावड्याला होते. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, हे कुटुंब ‘रांची’ नावाच्या बोटीने इंग्लंडला गेले. तेथे नातलगांच्या घरी दाटीवाटीत दिवस काढल्यावर लंडनच्या उत्तरेस चेशंट येथे त्यांना सरकारी घर मिळाले. हॅरीला सोळाव्या वर्षी गिटार मिळाली. शाळा सुटल्यावर तो दिव्यांच्या कारखान्यात कारकुनी करू लागला आणि संध्याकाळी मित्रांना घेऊन ‘ड्रिफ्टर्स’ नावाच्या वाद्यवृंदात गाऊ लागला. एका कार्यक्रमाच्या आयोजकाला जाहिरातीसाठी मुख्य गायकाचे ठसठशीत नाव हवे होते. तेव्हा ‘क्लिफ’ म्हणजे कडा, रॉकशी म्हणजे खडकाशी नाते सांगणारा शब्द, पुढे आला. ‘रिचर्ड’ हे आडनाव सोबती इयन सॅमवेलने लिट्ल रिचर्डच्या सन्मानार्थ सुचवले.

पहिली तबकडी ऑगस्ट १९५८ मध्ये ईएमआयच्या कोलंबिया या छापाखाली निघाली. निर्माता नॉरी पॅरामोर याच्या मते चालणारे गाणे ‘स्कूलबॉय क्रश’ होते. ते एका अमेरिकन गाण्याची नक्कल होते आणि तबकडीच्या दर्शनी बाजूला तेच होते. मागच्या बाजूला सॅमवेलचे ‘मूव्ह इट’ होते. चेशंटला जाताना बसमध्ये त्याने ते लिहिले. दुसरे कडवे लिहायचे राहून गेले, म्हणून पहिलेच पुन्हा गायले गेले. दूरचित्रवाणीवरील ‘ओ बॉय!’ या कार्यक्रमाचा निर्माता जॅक गुड याने मात्र मागची बाजूच गायला लावली. गिटार बाजूला ठेव आणि कानांपुढचे कल्ले काढून टाक, असेही त्याने मुलाला बजावले. ‘मूव्ह इट’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. ब्रिटनमध्ये तयार झालेले पहिले खरे रॉक अँड रोल गाणे म्हणून आज त्याचा उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे. त्याआधीची ब्रिटिश रॉक गाणी बहुतेक अमेरिकेची उष्टी होती.

विशेष असा, की या गाण्याने क्लिफची जी प्रतिमा उभी केली तिच्याकडे त्याने पुढच्याच वर्षी पाठ फिरवली. लायोनेल बार्टने एका चित्रपटासाठी लिहिलेले ‘लिव्हिंग डॉल’ मुळात वेगवान होते आणि क्लिफला ते आवडत नव्हते. वाद्यवृंदातील ब्रूस वेल्चने त्याची लय संथ केली, त्याला कंट्री संगीताचा बाज दिला आणि १९५९ च्या उन्हाळ्यात ते सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. रॉकचा दंगा ऐकून दचकणारे आईबापही हे गाणे गुणगुणू लागले आणि क्लिफचा बाजार येथून कायमचा रुंदावला. रॉकच्या कट्टर चाहत्यांनी याला माघार म्हटले. खपाच्या दृष्टीने पाहिले तर ती पुढच्या चाळीस वर्षांची तरतूद होती.

अमेरिकेत त्याच नावाचा गायकवृंद असल्याने ‘ड्रिफ्टर्स’ला १९५९ मध्ये नाव बदलून ‘शॅडोज’ व्हावे लागले. हँक मार्विन, ब्रूस वेल्च, जेट हॅरिस आणि टोनी मीहन या चौघांनी क्लिफला साथ दिली आणि स्वतःच्या वाद्यगीतांनी त्याच्याशी स्पर्धाही केली. ऑगस्ट १९६० मध्ये क्लिफचे ‘प्लीज डोन्ट टीज’ पहिल्या क्रमांकावरून खाली ओढले ते त्यांच्याच ‘अपाची’ने. त्या वाद्यगीताच्या आरंभी आणि शेवटी वाजणारा चिनी ढोल खुद्द क्लिफने वाजवलेला आहे.

जानेवारी १९६२ मध्ये त्याच नावाच्या चित्रपटातील ‘द यंग वन्स’ हे गाणे बाजारात आले, तेव्हा त्याची आगाऊ मागणी पाच लाखांच्या वर गेली होती आणि ते थेट पहिल्या क्रमांकावरच अवतरले. चित्रपट आणि तबकडी यांची ही जोडी ‘समर हॉलिडे’मध्ये (१९६३) पुन्हा जमली. लंडनची लाल दुमजली बस घेऊन चार तरुण अथेन्सपर्यंत जातात, एवढीच त्याची गोष्ट. पण चित्रपट, अल्बम आणि सिंगल तिन्ही धो धो चालले. तोवर लिव्हरपूलहून बीटल्सची लाट आली होती. स्वतःची गाणी स्वतः रचणाऱ्या त्या चौघांनी मोजमापच बदलून टाकले. क्लिफ गाणी क्वचितच लिहीत असे (‘बॅचलर बॉय’ ब्रूस वेल्चबरोबर लिहिलेले, हा ठळक अपवाद), त्यामुळे नव्या मोजमापात तो जुना ठरला. जुना ठरला, संपला नाही. १९६५ मध्ये ‘द मिनिट यू आर गॉन’ आणि १९६८ मध्ये ‘काँग्रॅच्युलेशन्स’ पहिल्या क्रमांकावर गेले. दुसरे गाणे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील युरोव्हिजन स्पर्धेत स्पेनच्या मासिएलपुढे २८ विरुद्ध २९ अशा एका गुणाने हरले. बाजारात मात्र स्पर्धेतले दुसरेपण त्याला आड आले नाही. युरोपातील त्याची बाजारपेठ मुळातच भक्कम होती. ‘लकी लिप्स’ची जर्मन आवृत्ती जर्मनीत १९६३ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेली होती.

क्लिफच्या सुरुवातीच्या लाटेचा एक शिंतोडा पाचगणीवरही पडला. सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या फारुख बलसारा या झांझिबारच्या पारशी मुलाने मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला होता. क्लिफ रिचर्ड आणि लिट्ल रिचर्ड यांची गाणी ही मुले शाळेत वाजवत. हा पियानो वाजवणारा मुलगा पुढे ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी झाला.

१९६६ मध्ये धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांच्या लंडनमधील सभेत क्लिफने आपली ख्रिस्ती श्रद्धा जाहीर केली. धंदा सोडून शिक्षक व्हावे असा विचारही त्याच्या मनात होता; तो मागे पडला, पण श्रद्धेचा परिणाम गाण्यांच्या निवडीवर होत राहिला. १९७५ मध्ये ‘हॉन्की टॉन्क एंजल’ निघाल्यावर त्या शब्दांचा वेश्यासूचक अर्थ त्याला कळला आणि स्वतःच्याच सिंगलच्या प्रसाराला त्याने नकार दिला. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर त्याची गत ‘आईला आवडणारा गायक’ अशी झाली होती. खप होता, दबदबा नव्हता.

तो दबदबा परत आणला ब्रूस वेल्चने, या वेळी निर्माता म्हणून. त्याने वर्षभर गाणी धुंडाळली आणि १९७६ मध्ये ‘आय ॲम नियरली फेमस’ हा अल्बम उभा केला. अठरा वर्षे गाजत असलेल्या माणसाच्या अल्बमचे नाव ‘मी जवळजवळ प्रसिद्ध आहे’ असे ठेवणे ही थट्टाच होती, पण अमेरिकेपुरती ती अक्षरशः खरी होती. त्यातील ‘डेव्हिल वुमन’ एल्टन जॉनच्या रॉकेट कंपनीने अमेरिकेत काढले आणि ते सहाव्या क्रमांकापर्यंत गेले. ब्रिटनमध्ये एव्हाना घराघरात पोचलेल्या क्लिफचे अमेरिकेतील पहिल्या दहांत गेलेले हे पहिलेच गाणे. त्याच वर्षी त्याने लेनिनग्राड आणि मॉस्को येथे कार्यक्रम केले. पाश्चात्त्य रॉक गायकाला सोव्हिएत रंगमंच तेव्हा दुर्मीळ होता.

अकरा वर्षांच्या खंडानंतरचा पहिला क्रमांक १९७९ मध्ये ॲलन टार्नीच्या ‘वी डोन्ट टॉक एनीमोर’ने दिला. क्लिफच्या ध्वनिमुद्रणांत सर्वाधिक टिकाऊ कोणते, या प्रश्नाला प्रस्तुत लेखकाचे उत्तर हेच आहे. सिंथेसायझरची पातळ, गार चौकट आणि तीत भांडणानंतरचा अबोला सांगणारा, कुठेही न ओरडणारा आवाज. इतरांनी रचलेल्या गाण्यात स्वतःची जागा शोधणे ही त्याची कला येथे सर्वांत स्पष्ट दिसते. ब्रिटनमध्ये ते चार आठवडे अव्वल राहिले आणि अमेरिकेत सातव्या क्रमांकावर गेले. पुढच्या वर्षी ‘ड्रीमिन’ तेथे दहावे आले. अमेरिकेतील पहिल्या दहांचा त्याचा हिशेब या तीन गाण्यांवर संपतो. ‘वायर्ड फॉर साउंड’ (१९८१) वॉकमनच्या नव्या नादाबरोबर गाजले.

पुढचे यश मुख्यतः ब्रिटिश घरांतले आणि त्यातही नाताळाचे. १९८६ मध्ये ‘द यंग वन्स’ याच नावाच्या विनोदी मालिकेतील टवाळ नटांबरोबर त्याने ‘लिव्हिंग डॉल’ पुन्हा गायले. कॉमिक रिलीफ या मदतनिधीसाठी काढलेली ही तबकडीही पहिली आली. स्वतःचे विडंबन स्वतःच्याच गाण्यात सोसायला मोकळे मन लागते, ते त्याच्यापाशी होते. ‘मिसलटो अँड वाइन’ ही त्याची ९९ वी सिंगल १९८८ च्या नाताळात चार आठवडे अव्वल राहिली आणि त्या वर्षीची ब्रिटनमधील सर्वाधिक खपाची सिंगल ठरली. गाणे मूळचे एका संगीतनाटकातले. क्लिफने त्यातील काही ओळी अधिक धार्मिक करून घेतल्या. जून १९८९ मध्ये वेम्ब्लीच्या मैदानावर दोन दिवस त्याने कारकिर्दीच्या तिशीचा सोहळा केला. १९९० च्या नाताळात ‘सेव्हियर्स डे’ पहिल्या क्रमांकावर आले. १९९५ मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला.

चौदावा पहिला क्रमांक सर्वांत भांडखोर. ख्रिस्ती प्रभुप्रार्थनेचे शब्द ‘ऑल्ड लँग साइन’च्या चालीवर बसवलेले ‘द मिलेनियम प्रेअर’ (१९९९) ईएमआयला नको होते. चार दशकांच्या जुन्या कंपनीने नकार दिल्यावर ते पॅपिलॉन या छोट्या छापाखाली निघाले. नभोवाणी केंद्रांनी ते लावायचे टाळले, समीक्षकांनी खिल्ली उडवली आणि तरी ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. गाणे म्हणून त्यात फारसे काही नाही, हे कबूल करावे लागते; पण नभोवाणीवाचून, केवळ निष्ठावंत खरेदीदारांच्या बळावर तबकडी कुठवर जाऊ शकते, याचा हा नमुना आहे. पुढे २०२० मध्ये ‘म्युझिक... द एअर दॅट आय ब्रीद’ हा अल्बम तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि सलग आठ दशके ब्रिटनमधील पहिल्या पाचांत अल्बम असणारा तो पहिला कलावंत ठरला.

गाणी न लिहिणाऱ्या गायकाची मिळकत म्हणजे तबकडीत साठवलेला आवाज. म्हणून त्याचे एक मोठे भांडण कायद्याशी झाले. गीतकार-संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो, पण ध्वनिमुद्रणाचा हक्क ब्रिटनमध्ये प्रकाशनानंतर ५० वर्षांनीच संपत असे. म्हणजे ‘मूव्ह इट’ २००८ अखेर सर्वांसाठी मोकळे होणार होते. ही मुदत अमेरिकेप्रमाणे ९५ वर्षांची करावी, यासाठी क्लिफने जाहीर आग्रह धरला. सरकारने नेमलेल्या गावर्स समितीने २००६ मध्ये मुदतवाढ नाकारली. युरोपीय संघाने मात्र २०११ मध्ये ती ७० वर्षांवर नेली. वृत्तपत्रांनी तिला ‘क्लिफचा कायदा’ म्हटले. ब्रिटनमध्ये ती १ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाली, पण त्या दिवशी ज्यांचा हक्क शाबूत होता अशाच ध्वनिमुद्रणांना. १९६३ पूर्वीची त्यातून सुटली. परिणामी ‘मूव्ह इट’, ‘लिव्हिंग डॉल’ आणि ‘द यंग वन्स’ यांचे संग्रह स्वस्तात विकणाऱ्या कंपन्यांना मूळ कंपनीची किंवा क्लिफची परवानगी लागत नाही. पहिल्या क्रमांकाच्या यादीत हक्क वाचलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण म्हणजे १९६३ चे ‘समर हॉलिडे’, तेही २०३३ अखेरपर्यंत.