नऊ एकांचा वर्ग आणि देवळालीचे मास्तर

आज रायपूरच्या भनपुरीतून बोलतोय. रायपूरहून मुंबईला जाणारी गाडी नागपूर, भुसावळ करत देवळालीवरून आणि पुढे डोंबिवलीवरून जाते. आजची गोष्ट याच दोन स्टेशनांची आणि एका सतरा अंकी संख्येची आहे.

१११११११११, म्हणजे नऊ वेळा एक. या संख्येचा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढायचं आणि तसंच उतरायचं! मोबाइलवर हे 'चमत्कार' म्हणून फिरतं. पण हे का घडतं, हे एका शाळामास्तरांनी गांभीर्याने घेतलं. ते म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

जन्म १९०५, डहाणू. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९३० ते १९६२ ते देवळालीत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नव्हतं. अशा संख्यांची कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनवर सुचली, म्हणून नाव पडलं 'डेम्लो संख्या'.

आता कागद घ्या. नऊ एकांची संख्या नऊ वेळा लिहा, दर ओळीला एक घर डावीकडे सरकवून. उभ्या रकान्यांत एक, दोन, तीन असे एके वाढत जातात, मधल्या रकान्यात नऊ होतात, मग कमी होतात. कुठेच हातचा येत नाही, म्हणून नक्षी शाबूत राहते. दहा एक घेतले की मधल्या रकान्याची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि उत्तर मिळतं १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ गायब, मध्ये दोन शून्यं! चमत्कार संपला, कारण मात्र हाती लागलं.

आणखी एक गंमत. आपल्या सतरा अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने या संख्येला निःशेष भाग जातो. कारण नऊ एकांची संख्या म्हणजे ९ × १२३४५६७९; तिच्या वर्गात ९ चा वर्ग आलाच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच नाव दिलं, 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी.

ही सगळी दशमान लेखनाची करामत, असा आक्षेप घेता येतो. तो खोटा नाही. अष्टमान पद्धतीत ही नक्षी सात एकांपर्यंतच टिकेल. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी कापरेकरांकडे सुरुवातीला लक्ष दिलं नाही. १९४९ मध्ये त्यांना सापडलेला ६१७४ हा स्थिरांक जगभर पोचला तो १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात लिहिलं तेव्हा. मास्तर तेव्हा सत्तरीचे होते.

म्हणून एक विनंती. घरातलं पोर आकड्यांशी खेळत बसलं, तर 'अभ्यास कर' म्हणण्याआधी विचारा, 'असं का होतं रे?' आणि दहावा एक लिहायला लावा.